चार पिढ्यांचं पालेभाजीचं शेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजी घेणारे, नव्याने पालेभाजी लावू पाहणारे आणि "एवढी माणसं एका घरात कशी राहता" असं विचारणारे, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. फोनवर एकेकाला सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुमचं शेत कुठे आहे आणि तुम्ही काय काय पिकवता?

पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं मिळून कुकडी प्रकल्प होतो. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात टिकतं ते कालव्याच्या पाझरामुळे. मेथी आणि कोथिंबीर ही मुख्य पिकं, त्यामागे पालक आणि शेपू. घरच्या मागणीपुरते आणि ठरलेल्या गिऱ्हाइकांपुरते चाकवत, चुका, अंबाडी, लाल माठ आणि राजगिऱ्याचे वाफे असतात. विहिरीच्या पाटाकडेला अळू आहे. उरलेल्या रानात कांदा, बाजरी, ज्वारी आणि फेरपालटासाठी एखादं कडधान्य.

२. चार पिढ्या म्हणता, तर सगळे खरंच शेतात काम करतात का?

करतात, पण सगळ्यांचं काम सारखं नाही. आजेसासरे, म्हणजे अण्णा, आता खुरपं धरत नाहीत. पण कोणत्या वाफ्याला पाणी जास्त झालंय हे ते बांधावरून सांगतात, आणि त्यांचं सहसा बरोबर निघतं. सासरे पाणी आणि वीज बघतात. सासूबाईंकडे बियाणं. मोठे दीर बाजार करतात, माझे यजमान खत-औषध बघतात, जाऊबाई मजुरांचे गट लावतात आणि वही माझ्याकडे आहे. मुलं शाळेतून आली की जुड्या मोजू लागतात. शाळा बुडवून शेतात यायचं नाही हा मात्र सासूबाईंचा नियम आहे आणि तो काढणीच्या गर्दीतही मोडत नाही.

पालेभाजी हे हातांचं पीक आहे. ऊस लावला तर माणूस चार दिवस गावाला जाऊ शकतो. मेथी काढायला आली की दोन दिवसांत निघाली पाहिजे, नाहीतर ती जून होते आणि जुडीला भाव राहत नाही. घरात माणसं आहेत म्हणून आम्ही हे पीक करू शकतो, आणि रोजचा पैसा देणारं हे पीक आहे म्हणून माणसं घरात राहू शकली. दोन्ही गोष्टी एकमेकींवर उभ्या आहेत.

३. पेरल्यापासून किती दिवसांत भाजी तयार होते?

मेथी साधारण २५ ते ३० दिवसांत, लाल माठ आणि राजगिरा महिन्याभरात, कोथिंबीर आणि शेपू ४० ते ४५ दिवसांत. पालकाची पहिली कापणी महिन्याभरात होते, पुढे पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा कापता येतो. थंडीत हे दिवस वाढतात. मेथी, कोथिंबीर, शेपू आम्ही मुळासकट उपटतो. पालक जमिनीपासून थोडा वर धरून विळ्याने कापतो म्हणजे गड्डा पुन्हा फुटतो.

४. वर्षभर सगळ्या भाज्या का मिळत नाहीत?

कारण प्रत्येक भाजीचा स्वतःचा काळ आहे. ऊन वाढलं आणि दिवस मोठा झाला की पालक फुलावर जातो, पानं लहान आणि कडवट होतात. कोथिंबिरीचंही तसंच, उन्हाळ्यात दांडा लवकर निघतो. मेथीला पावसाचं साचलेलं पाणी सोसत नाही, खालून कुजते. म्हणून पावसाळ्यात गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करतो आणि उन्हाळ्यात काही भागावर शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, लावतो. चाकवत आणि चुका मात्र थंडीतच चांगले लागतात. मे महिन्यात चाकवत मागणाऱ्यांना मी नाही म्हणते आणि नोव्हेंबरात आठवणीने फोन करते.

५. कुंडीत धणे टाकले तर उगवतच नाहीत. काय चुकतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. अख्खा दाणा पेरला तर उगवण कमी आणि मागेपुढे होते. धणे फरशीवर पसरून लाकडी फळीने किंवा लाटण्याने हलके रगडायचे, दाण्याचे दोन भाग झाले पाहिजेत, पीठ होऊ द्यायचं नाही. मग १२ तास पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात बांधून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पेरायचे. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांची कोथिंबीर येत नाही. माती वरून सुकू द्यायची नाही, आणि उन्हाळ्यात कुंडी दुपारच्या उन्हातून आत घ्यायची.

किराणा दुकानातले धणे चालतात का? जुने नसतील तर चालतात. मूठभर घेऊन ओल्या कापडात उगवून बघा. शेतासाठी मात्र आम्ही ते वापरत नाही, कारण वाण कोणतं, दांडा कधी काढेल, काहीच कळत नाही.

६. शेतात बियाणं किती लागतं? घरचं वापरता की विकतचं?

कोथिंबिरीला हेक्टरी ६० ते ८० किलो, म्हणजे गुंठ्याला ६०० ते ८०० ग्रॅम. मेथीची शिफारस हेक्टरी २५ ते ३० किलोची आहे, पण लुसलुशीत, सरळ दांड्याची जुडी हवी असते म्हणून आमच्या भागात त्याहून दाट पेरतात. पेरणीआधी मेथीच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी धरायला लावणारे जिवाणू) चोळतो, कोथिंबिरीच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी).

मेथी-कोथिंबिरीचं बियाणं विकत घेतो. चाकवत, चुका, अंबाडी आणि लाल माठ यांचं बी घरचं. सासूबाई वाफ्याच्या कडेची निरोगी झाडं राखून ठेवतात, त्यांवर लाल धागा असतो आणि त्या झाडांना कोणी हात लावत नाही. बी वाळवून राख घालून मडक्यात भरतात. त्यांच्या सासूबाईंनी माहेरहून आणलेल्या चाकवताचं बी अजून चालू आहे. आमच्या सातबाऱ्यावर कुठेही न लिहिलेली ही खरी वडिलोपार्जित मालमत्ता आहे असं मी मानते.

७. टप्प्याटप्प्याने पेरणी म्हणजे काय? एकदम सगळं का पेरत नाही?

एकदम दोन एकर मेथी पेरली तर ती एकदम तयार होईल, तेवढे हात एका दिवशी मिळणार नाहीत आणि त्या दिवशी भाव पडला तर सगळंच गेलं. त्यामुळे रानाचे तुकडे पाडून दर आठवड्याला थोडं थोडं पेरायचं. कुठला तुकडा उगवतोय, कुठला खुरपणीला आलाय, कुठला निघतोय, असं चक्र वर्षभर फिरत राहतं. एखादा आठवडा मातीमोल गेला तरी पुढचा उभा असतो.

यात मन घट्ट लागतं. भाव चढला की सगळ्यांना वाटतं, आता जास्त पेरूया. पण आज पेरलेली मेथी महिन्याने बाजारात जाणार, आणि आज चढा भाव बघून पेरणारे आपण एकटे नसतो. अण्णा म्हणतात, "भाव बघून नाही, वार बघून पेरा." आम्ही वार बघून पेरतो. फक्त गौरी-गणपती आणि भोगी-संक्रांत लक्षात घेऊन थोडं कमी-जास्त करतो.

८. जुडी कधी ५ रुपयांना, कधी ४० रुपयांना. मधले पैसे कुणाला मिळतात?

बाजारात भाव शेकड्यावर होतो, म्हणजे १०० जुड्यांवर. दुपारी काढलेला माल संध्याकाळच्या लिलावाला जातो, व्यापारी घेतात, रात्रीतून गाड्या मुंबई-पुण्याकडे जातात आणि सकाळी तुमच्या दारात भाजीवाली तीच जुडी घेऊन उभी असते. मध्ये वाहतूक, हमाली, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता. पालेभाजीत सुकून, तुटून फेकावा लागणारा मालही बराच, त्याची किंमत उरलेल्या जुड्यांवर चढते. भाजीवालीला मी दोष देत नाही. तिच्या टोपलीतली संध्याकाळपर्यंत न खपलेली जुडी तिच्याच गळ्यात पडते.

२०१६ साली राज्यात फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त झाला. आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, आणि बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकायची मोकळीक मिळाली. याचा फायदा झाला का? पट्टीवरची, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावरची, आडतीची ओळ गेली, हा फायदा खरा. पण भाव ठरतो आवक किती आली यावर, आणि तिथे कायदा काही करू शकत नाही.

काही वेळा व्यापारी बांधावर येऊन उभा प्लॉट उक्ता घेतात. ठरलेली रक्कम मिळते, काढणी त्यांची. घरात लग्न, आजारपण असलं की आम्हीही देतो. एरवी देत नाही, कारण उक्त्या काढणीत जमीन तुडवली जाते आणि लहान रोपं वाया जातात.

९. भाव पडला की तुम्ही भाजीवर रोटाव्हेटर फिरवता. त्यापेक्षा गरिबांना फुकट का देत नाही?

विचारणाऱ्याचा राग मला समजतो. उभी हिरवी मेथी मातीत जाताना बघणं आम्हालाही जड जातं. पण फुकट द्यायची तरी ती उपटावी लागते, जुड्या बांधाव्या लागतात, गाडी करावी लागते. शेकड्याला मिळणारा पैसा या खर्चाइतकाही नसतो तेव्हा काढणीच तोट्याची होते. अशा वेळी आम्ही वाडीवर निरोप देतो, येईल त्याने न्यावी. बायका येतात, पोती भरून नेतात, शेळ्यांनाही होते. राहिलेलं रान मात्र लवकर मोकळं करावंच लागतं, पुढची पेरणी थांबून राहिली तर चक्र मोडतं (प्रश्न ७). आणि मातीत गाडलेली मेथी खत म्हणून उपयोगी पडते (प्रश्न १०).

१०. त्याच रानात पुन्हा पुन्हा मेथी-कोथिंबीर घेतली तर चालते का?

दोन-तीनदा चालते, मग मर रोग सुरू होतो. रोपं पिवळी पडून जागच्या जागी बसतात. मेथी शेंगवर्गीय आहे, तिच्या मुळांवरच्या गाठींत नत्र साठतं, म्हणून मेथीचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीत राहिलेला परिणाम) कांद्याला आणि पालकाला चांगला असं आमच्याकडे मानतात. आमचा क्रम ढोबळपणे असा : मेथी, मग पालक किंवा कोथिंबीर, मग कांदा, मग बाजरी किंवा ज्वारी. वर्षातून एकदा शेणखत, आणि दर दोन-तीन वर्षांनी माती परीक्षण. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारायला जायची आम्हाला सवय आहे. परीक्षणाचा अहवाल हातात आला की कळतं, आपण नुसत्या अंदाजाने युरिया किती टाकत होतो.

११. फवारणी करता का? तुमची भाजी सेंद्रिय आहे का?

सेंद्रिय नाही. प्रमाणपत्र नसताना तो शब्द मी वापरणार नाही. सेंद्रिय प्रमाणीकरणाला हंगामी पिकांसाठीसुद्धा रूपांतराचा काळ असतो, नोंदी ठेवाव्या लागतात, शेजारच्या रानातून औषध येऊ नये म्हणून पट्टा सोडावा लागतो. चाकवत-चुक्याच्या आमच्या वाफ्यांवर काहीच मारत नाही, कारण त्यांना गरज पडत नाही. मेथी-कोथिंबिरीवर मावा, नागअळी, भुरी येते. तिथे आधी पिवळे चिकट सापळे, मग ५ टक्के निंबोळी अर्क, आणि अगदीच आवरेना तर शिफारस असलेलं औषध.

खरा प्रश्न औषध मारलं का यापेक्षा, मारल्यावर किती दिवसांनी भाजी काढली, हा आहे. औषधाच्या डब्यावर किंवा सोबतच्या माहितीपत्रकात काढणीपूर्वी थांबायचे दिवस लिहिलेले असतात. ३० दिवसांच्या पिकात हे दिवस पाळणं अवघड असतं, म्हणून आम्ही ठरवलं आहे की काढणीच्या आधीच्या टप्प्यात कीड दिसली तर तो तुकडा औषधाविना, मिळेल त्या भावाने जाईल. वाफ्याच्या तोंडाशी पाटी लावतो, तिच्यावर फवारणीची तारीख. बाजारला जाणाऱ्यालाही ती पाटी ओलांडायची मुभा नाही. मोनोक्रोटोफॉससारखं औषध तर भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदीच आहे. कुठल्याही दुकानदाराने "सगळे मारतात" म्हणून दिलं तरी घेऊ नका.

१२. पानाला भोकं असली तर औषध मारलेलं नाही असं समजायचं का?

नाही. किडीने आधी खाल्लं आणि नंतर फवारणी झाली असंही असतं. भोकांवरून काहीच ठरत नाही. नेहमीच्या शेतकऱ्याला थेट विचारा, प्रश्न ११ मधला थांबायच्या दिवसांचा प्रश्न विचारा. ज्याला उत्तर पाठ आहे त्याच्याकडून घ्या.

१३. जुड्या माती लागलेल्या का असतात? धुवून का देत नाही?

मुळासकट, कोरडी जुडी जास्त टिकते. धुतलेली भाजी प्रवासात गरम होऊन आतून सडते. शिवाय रस्त्याकडेच्या कुठल्या पाण्यात ती धुतली हे तुम्हाला माहीत नसतं. घरी आणल्यावर मुळं कापा, भाजी मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हलवा आणि वर उचलून घ्या, पाणी ओतू नका, म्हणजे माती तळाशी राहते. असं तीन वेळा, पावसाळ्यात चार वेळा.

१४. भाजी आठवडाभर टिकवायची कशी?

न धुता निवडा, पिवळी-ओली पानं काढून टाका, कोरड्या सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. कोथिंबीर मुळांसह पेल्यातल्या पाण्यात उभी ठेवली तर दोन-तीन दिवस बाहेरही राहते. पालक मात्र दोन-तीन दिवसांतच करून टाका.

१५. पावसाळ्यात पालेभाजी खाऊ नये म्हणतात. मग तुम्ही विकता कशी?

या जुन्या सांगण्यामागे कारण आहे. पावसाचे थेंब जमिनीवर आपटून चिखल पानांवर उडतो, अळ्या वाढतात, कुजट पानं जुडीत मिसळतात. म्हणून नीट निवडणं आणि धुणं (प्रश्न १३), आणि कच्ची न खाता शिजवून खाणं. आम्ही स्वतः त्या दिवसांत मेथी-पालक कमी खातो, कारण तेव्हा टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातून बाजारात येतात. आदिवासी बायका त्या पहाटे खुडून आणतात. घासाघीस न करता घ्या. वर्षात काही आठवडेच मिळणारी ती भाजी आहे.

१६. मुतखडा आहे, पालक खाऊ का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, मेथी चालेल का?

मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगते. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, त्यामुळे मुतखड्याच्या काही रुग्णांना डॉक्टर तो कमी करायला सांगतात. वॉरफरिनसारख्या गोळीवर असणाऱ्यांनी पालेभाजी अचानक खूप वाढवू किंवा बंद करू नये, कारण तिच्यातल्या के जीवनसत्त्वाचा गोळीच्या परिणामाशी संबंध असतो. आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा.

१७. गौरीच्या नैवेद्याला शेपू आणि ऋषिपंचमीची भाजी तुमच्याकडे मिळेल का? ती बैलाच्या कष्टाची चालत नाही.

गौरी येतात त्या दिवशीच्या भाजी-भाकरीसाठी शेपू आणि मेथी आम्ही मुद्दाम धरून ठेवतो. आठवडाभर आधी सांगा. ऋषिपंचमीसाठी अळू आणि लाल माठ देतो. अळू पाटाकडेला आपोआप वाढतं, तिथे कधीच औत चालत नाही. माठाचे काही वाफे सासूबाई कुदळीने खणून करतात, ते ऋषीच्या भाजीसाठी वेगळे असतात. बाकीच्या माठाचं रान ट्रॅक्टरने नांगरलेलं असतं. तो चालतो की नाही हे प्रत्येक घरची रीत ठरवते. आम्ही कोणता माठ कुठला हे खरं सांगतो, निर्णय तुमचा.

१८. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाता, बिबट्याची भीती नाही वाटत?

वाटते. जुन्नरमध्ये ही बोलाची गोष्ट नाही. धरणांमुळे ऊस वाढला, उसात बिबट्याला लपायला आणि पिल्लं वाढवायला जागा मिळाली. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, यावरून अंदाज यावा. शेतीची वीज पाळीने येते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. पालेभाजीची मुळं वरच असतात, तिला थोडं थोडं आणि वारंवार पाणी लागतं. "आज राहू दे" म्हणता येत नाही.

आमचे नियम ठरलेले आहेत. रात्री एकट्याने जायचं नाही. वाकून काम करायचं नाही, कारण वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसतो. मोबाईलवर गाणी मोठ्याने लावायची, टॉर्च आणि काठी जवळ. उसाला लागून असलेल्या तुकड्यात भाजी पेरायचीच नाही, तिथे बाजरी. काढणी सूर्य वर आल्यावर सुरू आणि मावळायच्या आत बंद, मग लिलावाला उशीर झाला तरी चालेल. मुलांना तर संध्याकाळनंतर अंगणाबाहेर सोडत नाही. रेनपाईप (भोकांतून पावसासारखं पाणी उडवणारा पाईप) बसवल्यापासून वाफ्यावाफ्यात पाण्याची दारं मोडत फिरायचं काम गेलं, हा मोठा आधार झाला. पण खरा उपाय एकच आहे : शेतीला दिवसा वीज. सौर कृषी वाहिनीची, म्हणजे शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या योजनेची, कामं जिथे पूर्ण होतील तिथे बायका-माणसं निर्धास्त पाणी देतील. याची वाट आम्ही जिवाच्या आकांताने बघतोय.

१९. आमच्याकडे फक्त १० गुंठे आहेत. पालेभाजी परवडेल का?

पाणी बारमाही असेल, बाजार तासाभराच्या अंतरावर असेल आणि घरातले किमान दोन जण राबणार असतील तर हो. १० गुंठ्यांचे पाच तुकडे करा आणि दर आठवड्याला एक पेरा (प्रश्न ७). सगळी कामं मजुरांवर सोडून शहरातून फोनवर हे पीक होत नाही. खुरपणी आणि काढणी हेच मोठे खर्च आहेत. काढणी रोजंदारीने करायची की जुडीवर, हे आधी ठरवा. जुडीवर दिलं तर काम वेगाने होतं पण जुडी बारीक बांधली जाते, म्हणून पहिल्या काही जुड्या आपण बांधून दाखवायच्या.

२०. पैशांवरून घरात भांडणं होत नाहीत का?

पूर्वी बाजारचा पैसा एकाच खिशात जायचा आणि मागणाऱ्याला मिळायचा. त्यात बायकांना मागायलाही संकोच. आता पट्टी घरी आली की वहीत चढते आणि वही स्वयंपाकघराच्या फळीवर असते, ज्याला हवी त्याने बघावी. बियाणं, खत, मजुरी, वीजबिल, शाळेच्या फिया आधी बाजूला. राहिलेल्यातून प्रत्येक जोडप्याला दर महिन्याला सारखी रक्कम, आणि सासूबाईंच्या नावाने वेगळी. चाकवत-चुक्याचा पैसा पूर्ण सासूबाईंचा, कारण बी त्यांचं. वाद अजूनही होतात, पण ते काय पेरावं यावर होतात. पैसे कुठे गेले यावर होत नाहीत. एकत्र कुटुंब प्रेमावर चालतं असं म्हणतात, मी म्हणेन त्याला उघडी वही लागते.

२१. लग्न झालेल्या मुलींचा शेतात हिस्सा असतो का?

असतो. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. अपवाद एकच महत्त्वाचा : २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी त्यामुळे उलगडत नाही.

आमच्याकडे सासऱ्यांच्या बहिणींची नावं सातबाऱ्यावर आहेत. वारस नोंदीच्या वेळी गावात बऱ्याच जणांनी हक्कसोड पत्र घ्यायचा सल्ला दिला होता, अण्णांनी ऐकलं नाही. बहीण स्वखुशीने हक्क सोडत असेल तर तो तिचा निर्णय. पण "माहेर तुटेल" ही भीती घालून सही घेणं अन्याय आहे, आणि तो आपल्या गावागावांत सर्रास चालतो. आत्यांना वर्षाचा हिशोब वहीतून जातो, त्यांचा वाटा धान्यात आणि पैशात.

२२. उद्या वाटण्या झाल्या तर?

होऊ शकतात, त्यात काही वाईट नाही. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटप करता येतं. अडचण तुकडेबंदीची. १९४७ च्या कायद्याने ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ही मर्यादा बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे अशी खाली आणली. नियम बदलत राहतात, म्हणून तलाठी कार्यालयात आजचा नियम विचारूनच पुढे जा.

आमच्यात एवढं ठरलं आहे की कागदावर वाटप झालं तरी विहीर, पाईपलाईन आणि पेरणीचं वेळापत्रक सामाईक राहील. वाटपात विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहून घ्या. जमीन मोजून वाटणारी पुष्कळ घरं पाण्याच्या पाळीवरून कोर्टात गेलेली आहेत.

२३. आम्ही शहरातले, सातबारा नाही. तुमच्याजवळ थोडी जमीन घेऊन भाजी करता येईल का?

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. एजंट "करून देतो" म्हणाला तरी पैसे देऊ नका. शिकायचं असेल तर एखाद्या शेतकऱ्याबरोबर एक हंगाम काम करा. आमच्याकडे हिवाळ्यात, नोव्हेंबर ते जानेवारी, पेरणीपासून लिलावापर्यंत बरोबर राहता येतं. त्यासाठी पैसे घेत नाही. खुरपणीला बसायची तयारी हवी, आणि प्रश्न १८ मधले नियम पाहुण्यांनाही लागू आहेत.

२४. भाजी थेट घरपोच द्याल का?

एका घराला नाही, वाहतूक परवडत नाही. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत २५-३० घरांनी मिळून आठवड्याचा एक वार ठरवला तर देतो. आदल्या दिवशी दुपारपर्यंत मागणी कळवायची, कारण उपटलेली भाजी परत लावता येत नाही. भाव वर्षभर एकच असतो. बाजारात जुडी महागली तरी आम्ही वाढवत नाही, आणि स्वस्त झाली तरी तुम्ही कमी करायला सांगायचं नाही. हे मान्य नसेल तर शेतकरी आठवडे बाजारात या, तिथे त्या दिवसाच्या भावाने मिळेल.